अलकनंदा : बारा अब्ज वर्षांपूर्वीची सर्पिल दीर्घिका

पोलादाच्या सळया आणि सुधारित बियाणे या दोन उत्पादनांमुळे जालन्याचे नाव महाराष्ट्राबाहेरही परिचित आहे. जालना येथील औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड भट्टीत वितळवून त्याचे बिलेट ओतले जातात आणि तापलेले बिलेट रोलिंग मिलमधून काढून त्यांच्या सळया तयार होतात. या कामात मुरलेला कामगार लोखंडाजवळ न जाता, केवळ त्याच्या रंगावरून, ते किती तापले आहे याचा अंदाज बांधतो. सुमारे ७०० अंश सेल्सिअस तापमानास लोखंड गडद तांबडे दिसते, हजार अंशांच्या आसपास ते नारिंगी होते, त्याही पुढे पिवळसर होते आणि सोळाशे अंशांच्या वितळलेल्या रसाकडे उघड्या डोळ्यांनी पाहवत नाही. उपकरणाने तापमान मोजण्याची सोय असली, तरी रंग पाहून केलेले अनुमान सहसा फारसे चुकत नाही.

खगोलशास्त्रज्ञाचे काम याच जातीचे आहे. ताऱ्याला हात लावता येत नाही, त्याचा नमुना आणून तपासता येत नाही, की त्याच्यावर एखादा प्रयोग करता येत नाही. हाती येतो तो केवळ प्रकाश. त्या प्रकाशाचा रंग, त्याची तीव्रता आणि तो ज्या दिशेने आला ती दिशा, एवढ्या सामग्रीवर विश्वाचा इतिहास लिहावयाचा असतो. पुण्यातील दोन संशोधकांनी २०२५ साली अशाच पद्धतीने एका अतिदूरच्या सर्पिल दीर्घिकेचा शोध जाहीर केला. तिला त्यांनी ‘अलकनंदा’ असे नाव दिले. हा शोध कसा लागला, त्यावर विश्वास का ठेवावयाचा आणि त्यामुळे कोणती जुनी समजूत तपासून पाहावी लागत आहे, याची माहिती शाळांतील शिक्षकांना व जिज्ञासू वाचकांना उपयुक्त ठरावी.

दीर्घिका म्हणजे काय?

तारे, वायू आणि धूळ यांचा गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेला प्रचंड समुदाय म्हणजे दीर्घिका. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे, तिला आपण आकाशगंगा म्हणतो. तिचा व्यास सुमारे एक लक्ष प्रकाशवर्षे आहे. प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातो. या वेगाने तो वर्षभरात जेवढे अंतर कापतो, ते एक प्रकाशवर्ष होय. म्हणजे आकाशगंगेच्या एका टोकाहून निघालेला प्रकाश दुसऱ्या टोकास पोहोचावयास एक लक्ष वर्षे लागतात.

दीर्घिकांचे आकार निरनिराळे असतात. काही अंडाकृती, काही ओबडधोबड, तर काही चपट्या तबकडीसारख्या असून त्यांच्या मध्यापासून गोफणीच्या दोरीप्रमाणे वळत गेलेले तेजस्वी बाहू दिसतात. या शेवटच्या प्रकारास सर्पिल दीर्घिका म्हणतात. हे बाहू प्रथम पाहिले ते आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांनी, १८४५ साली, आपल्या स्वतः बांधलेल्या मोठ्या दुर्बिणीतून. परंतु ही वळणदार अभ्रे आपल्याच आकाशगंगेतील वायूचे ढग आहेत, की तिच्या बाहेरच्या स्वतंत्र दीर्घिका आहेत, हा वाद पुढे पाऊणशे वर्षे चालला. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानी दीर्घिकेत एक विशिष्ट प्रकारचा रूपविकारी तारा सापडला. त्याच्या तेजाच्या चढउतारावरून त्याचे अंतर काढता आले आणि ती दीर्घिका आकाशगंगेच्या फार बाहेर असल्याचे सिद्ध झाले. आजच्या मोजमापानुसार देवयानी सुमारे २५ लक्ष प्रकाशवर्षे दूर आहे.

पुण्यातील शोध

पुणे येथील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे एक केंद्र आहे. तेथील संशोधक विद्यार्थिनी राशी जैन आणि त्यांचे मार्गदर्शक प्रा. योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या प्रतिमांचा अभ्यास हाती घेतला. ही दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात सोडण्यात आली. पृथ्वीपासून सुमारे १५ लक्ष किलोमीटर अंतरावरून ती निरीक्षण करते. तिच्या मुख्य आरशाचा व्यास साडेसहा मीटर असून तो अठरा षट्कोनी तुकड्यांचा बनला आहे.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही निरीक्षणे पुण्याच्या संशोधकांनी स्वतः घेतलेली नव्हती. अबेल २७४४ या नावाच्या एका दीर्घिकासमूहाच्या दिशेचे सविस्तर सर्वेक्षण दुसऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघाने केले होते आणि त्यातील माहिती जगातील सर्व अभ्यासकांना खुली करण्यात आली होती. त्या प्रतिमांतील सुमारे ७० हजार ज्योतींची छाननी करताना ही एक ज्योती वेगळी आढळली. मध्ये तेजस्वी गाभा, त्याभोवती चपटी तबकडी आणि दोन्ही बाजूंना समतोल वळलेले दोन सुस्पष्ट बाहू, अशी तिची ठेवण आहे. हा शोधनिबंध नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपातील एका प्रमुख खगोलशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

नावामागेही विचार आहे. हिमालयातील अलकनंदा आणि मंदाकिनी या नद्या रुद्रप्रयाग येथे एकमेकींस मिळतात. आकाशगंगेस हिंदीत मंदाकिनी असेही म्हणतात. म्हणून मंदाकिनीसारखीच दिसणारी ही दूरची दीर्घिका तिची बहीण अलकनंदा ठरली.

ही दीर्घिका आकाशात किती लहान दिसते, याची कल्पना एका उदाहरणाने येईल. तीन-चार किलोमीटर अंतरावर ठेवलेले एक रुपयाचे नाणे जेवढे दिसेल, तेवढा तिचा आकार आहे. त्या नाण्यावरील नक्षी ओळखावी, तसे तिचे बाहू ओळखावयाचे होते. या कामी निसर्गाचेही थोडे साहाय्य झाले. अबेल २७४४ हा समूह अलकनंदेच्या अलीकडे, पृथ्वीपासून साडेतीन ते चार अब्ज प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्या प्रचंड वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणाने मागून येणारा प्रकाश किंचित वाकतो आणि भिंगातून पाहिल्याप्रमाणे मागील वस्तू मोठी व अधिक तेजस्वी दिसते. या गुरुत्वीय भिंगामुळे अलकनंदा आहे त्याहून सुमारे दुप्पट तेजस्वी दिसते.

तांबडेपणाची तीन कारणे

शोधाचा खरा कस लागतो तो अंतर ठरविताना. एखादी ज्योती तांबडी दिसली, तर तिला तीन कारणे असू शकतात. हीच गोष्ट भट्टीच्या उदाहरणाने सांगता येईल. बिलेट तांबडे दिसत असेल, तर ते खरोखरच कमी तापलेले असेल. किंवा ते पुरेसे तापलेले असून मध्ये धूर व धूळ असल्यामुळे तसे दिसत असेल, कारण धुळीतून निळा प्रकाश अडतो आणि तांबडा पार होतो. मावळतीचा सूर्य तांबडा दिसतो तो बव्हंशी याच प्रकारच्या कारणाने. जो कामगार या दोहोंतील फरक ओळखत नाही, त्याचा अंदाज चुकतो.

दीर्घिकांच्या बाबतीतही ही दोन्ही कारणे लागू आहेत. म्हातारे व थंड तारे तांबडे दिसतात. त्यांचे पृष्ठभागाचे तापमान तीन-चार हजार अंश असते. तरुण, मोठे तारे वीस-तीस हजार अंशांपर्यंत तापलेले असतात आणि त्यांचा प्रकाश निळसर असतो. तसेच दीर्घिकेतील धूळ निळ्या ताऱ्यांचाही प्रकाश तांबडा करू शकते.

भट्टीच्या बाबतीत न आढळणारे तिसरे कारण आहे ते विश्वाच्या प्रसरणाचे. दूरच्या दीर्घिका परस्परांपासून दूर जात आहेत आणि अंतर जितके अधिक तितका त्यांचा दूर जाण्याचा वेग अधिक आहे, हे हबल यांनी १९२९ साली दाखवून दिले. प्रकाश प्रवासात असताना अवकाश ताणले जाते आणि त्याबरोबर प्रकाशाची तरंगलांबीही वाढते. निळा प्रकाश तांबड्याकडे आणि तांबडा अवरक्ताकडे सरकतो. या घटनेस ताम्रसृती म्हणतात. अलकनंदेची ताम्रसृती सुमारे ४.०५ आहे, म्हणजे तिच्या प्रकाशाची तरंगलांबी मूळच्या पाच पटींहून थोडी अधिक झाली आहे. तेथून निघालेला ४०० नॅनोमीटरचा जांभळट प्रकाश येथे पोहोचतो तो सुमारे २,००० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश होऊन. मानवी डोळ्यांस तो दिसत नाही. म्हणूनच अवरक्त प्रकाश टिपणाऱ्या दुर्बिणीची आवश्यकता होती.

एकवीस गाळण्यांची साक्ष

ही तीन कारणे एकमेकांपासून वेगळी कशी करावयाची? त्यासाठी एकाच ज्योतीचे चित्र निरनिराळ्या रंगांच्या गाळण्यांतून घेतात. प्रत्येक गाळणी प्रकाशाचा एक ठरावीक पट्टाच आत सोडते. अलकनंदेची चित्रे अशा एकवीस गाळण्यांतून उपलब्ध होती. प्रत्येक चित्रातील तेज मोजून आलेखावर मांडले, की त्या दीर्घिकेचा जणू तालेबंदच तयार होतो.

या तालेबंदात एक निर्णायक खूण असते. दीर्घिकांमधील व दीर्घिकांच्या दरम्यानचा हायड्रोजन वायू सुमारे १२१ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा बराचसा प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे आलेखावर त्या जागी एकदम पायरी दिसते. अलकनंदेच्या बाबतीत ही पायरी पाचपटीने सरकून ६१० नॅनोमीटरच्या आसपास यावयास हवी. त्याहून आखूड प्रकाशाच्या गाळणीत दीर्घिका जवळजवळ दिसेनाशी होते आणि लांब प्रकाशाच्या गाळणीत ती उजळते. थंड ताऱ्यांमुळे किंवा धुळीमुळे येणारा तांबडेपणा सावकाश उतरणीसारखा असतो. एखाद्या ठिकाणी प्रकाश असा एकाएकी तुटणे ही ताम्रसृतीची खूण आहे. उरलेल्या गाळण्यांतील तेजावरून ताऱ्यांचे वय, धुळीचे प्रमाण आणि एकूण वस्तुमान यांचा हिशेब मांडता येतो.

या हिशेबातून निघालेले निष्कर्ष असे आहेत. अलकनंदेचा प्रकाश १२ अब्ज वर्षांहून अधिक काळ प्रवास करून आला आहे. विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे मानले जाते. म्हणजे महास्फोटानंतर केवळ दीड अब्ज वर्षांनी ही दीर्घिका जशी होती, तशी ती दिसत आहे. तिचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे, म्हणजे आकाशगंगेच्या एकतृतीयांशाइतका आहे. तिच्यातील ताऱ्यांचे एकूण वस्तुमान सुमारे दहा अब्ज सूर्यांएवढे भरते. दरवर्षी सुमारे साठ सूर्यांइतक्या द्रव्याचे नवे तारे तिच्यात जन्म घेत होते. आकाशगंगेतील आजच्या वेगाच्या हा वेग सुमारे वीसपट आहे. तिच्यातील निम्मे तारे अवघ्या २० कोटी वर्षांत तयार झाले असावेत, असा निष्कर्ष निघाला. तिच्या बाहूंवर नवजात ताऱ्यांचे पुंजके माळेतील मण्यांप्रमाणे ओळीने दिसतात.

कालमानाची ही अंतरे मनात ठसण्यासाठी एक तुलना पुरेशी आहे. जालना जिल्ह्याच्या जमिनीखालील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. सूर्यमाला सुमारे ४.६ अब्ज वर्षांची आहे. अलकनंदेचा हा प्रकाश निघाला तेव्हा सूर्य जन्मावयास आणखी साडेसात अब्ज वर्षांहून अधिक अवधी होता.

जुन्या समजुतीची फेरतपासणी

या शोधाचे महत्त्व केवळ अंतरात नाही. आरंभीच्या विश्वातील दीर्घिका लहान, विस्कळीत आणि एकमेकींवर आदळणाऱ्या असाव्यात, असे आजवरच्या अभ्यासावरून मानले जात होते. वायू थंड होऊन तबकडीत स्थिरावणे, ती तबकडी एका लयीत फिरू लागणे आणि तिच्यात सुघड बाहू उमटणे, या सर्वांस कित्येक अब्ज वर्षे लागत असावीत, अशी कल्पना होती. दीड अब्ज वर्षांतच पूर्ण बांधणीची सर्पिल दीर्घिका आढळल्याने ही कालगणना पुन्हा तपासावी लागत आहे. जेम्स वेब दुर्बिणीने त्या काळातील आणखीही काही तबकडीसारख्या दीर्घिका दाखविल्या आहेत. त्यामुळे अलकनंदा हा एकाकी अपवाद मानून बाजूस सारता येत नाही.

सर्पिल बाहू टिकतात कसे, हाही प्रश्न येथे येतो. दीर्घिकेचा आतील भाग बाहेरील भागापेक्षा कमी वेळात एक फेरी पुरी करतो. बाहू म्हणजे ताऱ्यांच्या कायमच्या रांगा असत्या, तर काही फेऱ्यांतच त्या गुंडाळल्या जाऊन नाहीशा झाल्या असत्या. या कोड्यास १९६४ साली सी. सी. लिन आणि फ्रँक शू यांनी घनता तरंगाचे उत्तर सुचविले. छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर सळयांनी भरलेला एखादा ट्रेलर संथ चालला असता त्याच्यामागे वाहनांची दाटी होते. मागून वाहने येऊन दाटीत मिळतात आणि वाट मिळताच पुढे निघून जातात. वाहने बदलतात, पण दाटी कायम राहते. दीर्घिकेचे बाहू हे अशाच प्रकारचे दाटीचे पट्टे होत. त्यांत शिरणारा वायू दाबला जाऊन नवे तारे जन्मतात आणि बाहू उजळून दिसतात.

अलकनंदेचे बाहू थंड वायूच्या सततच्या पुरवठ्याने स्थिरावलेल्या तबकडीत उमटलेल्या अशा तरंगामुळे बनले असतील, किंवा एखादी लहान दीर्घिका जवळून गेल्यामुळे तिच्या ओढीने निर्माण झाले असतील. दुसऱ्या प्रकारचे बाहू फार काळ टिकत नाहीत. निर्णय करावयाचा तर तबकडीतील वायू कोणत्या वेगाने व किती शिस्तीने फिरतो, हे वर्णपटावरून मोजले पाहिजे. पुढील निरीक्षणांची दिशा तीच आहे. गाळण्यांवरून काढलेले अंतरही वर्णपटाने अधिक नेमके होते. पुराव्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच म्हणावयाचे आणि उरलेले पुढील मोजणीवर सोपवावयाचे, हा शास्त्राचा दंडक येथेही पाळला गेला आहे.

या सर्वांचा जालन्याच्या सळईशी एक दूरचा संबंध आहे. महास्फोटानंतर विश्वात हायड्रोजन व हेलियम हीच मुख्य द्रव्ये होती; लोखंड नव्हते. ते ताऱ्यांच्या अंतरंगात आणि त्यांच्या स्फोटांत घडले व अवकाशात विखुरले गेले. त्याच द्रव्यातून पुढे पृथ्वीसारखे ग्रह बनले. दीर्घिका लवकर घडल्या की नाही, हा प्रश्न म्हणजे लोखंडासारखी द्रव्ये विश्वात केव्हापासून साठू लागली, हाही प्रश्न आहे.

महाराष्ट्राची परंपरा

अशा मोजमापाची परंपरा या भागास नवी नाही. जालना ज्या हैदराबाद संस्थानात होते, तेथे १९०१ साली निजामिया वेधशाळा स्थापन झाली आणि जगातील अनेक वेधशाळांनी मिळून हाती घेतलेल्या तारकासूचीच्या कामात तिने आपला वाटा उचलला. पुढे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जुन्नर तालुक्यातील खोडद येथे महाकाय मीटर तरंगलांबी रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या असून दूरच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचे अतिक्षीण रेडिओ तरंग त्या टिपतात. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ साली पुण्यात आयुका ही आंतरविद्यापीठ संस्था सुरू झाली आणि विद्यापीठांतील शिक्षक-विद्यार्थ्यांना खगोलशास्त्राची दारे खुली झाली. अलकनंदेचा शोध हे याच मशागतीचे फळ होय.

शाळा व पंचायतींसाठी

खुल्या माहितीवर चिकाटीने काम करून मोठा शोध लावता येतो, ही गोष्ट ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना विशेष सांगण्यासारखी आहे. त्यासाठी आधी आकाशाची ओळख हवी. अलकनंदा उघड्या डोळ्यांना दिसणे शक्य नाही, परंतु ती कोणत्या दिशेस आहे हे दाखविता येते. कार्तिक अमावास्येच्या सुमारास रात्री नऊ वाजता दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिल्यास क्षितिजापासून सुमारे ४० अंश उंचीवर शिल्पकार नावाचा, ठळक तारे नसलेला तारकासमूह असतो. त्याच्या पश्चिमेस, जवळजवळ त्याच उंचीवर, फोमलहॉट हा एकटा ठळक तारा ओळखता येतो. त्या रिकाम्या भासणाऱ्या भागातच अबेल २७४४ हा समूह आहे आणि त्याच्या मागे अलकनंदा. त्याच वेळी उत्तरेकडे वळून बरेच वर पाहिल्यास, आकाश पुरेसे काळोखे असेल तर, देवयानी दीर्घिकेचा पुसट ठिपका दिसतो. दुर्बिणीवाचून दिसणारी ही एक सर्पिल दीर्घिका होय. एकाच ठिकाणी उभे राहून २५ लक्ष वर्षांपूर्वीचा प्रकाश पाहावयाचा आणि बारा अब्ज वर्षांपूर्वीचा प्रकाश कोठून येतो ते दाखवावयाचे, असा हा पाठ शिक्षकांना विनाखर्च घेता येईल.

अडचण एकच आहे. औद्योगिक वसाहतीच्या व शहराच्या दिव्यांचा उजेड आकाशात पसरला की देवयानीचा ठिपका दिसेनासा होतो. उद्योग चालले पाहिजेत आणि रस्त्यांवर दिवेही हवेत. परंतु दिव्याचा उजेड रस्त्यावर पडावा, आभाळात जाऊ नये, एवढी व्यवस्था कठीण नाही. दिव्यांना वरून झाकणारी टोपी बसविणे, त्यांचे तोंड खाली करणे आणि गरज नसेल तेथे ते मालविणे, या उपायांनी विजेचीही बचत होते. पथदिवे बसविताना ग्रामपंचायतींनी ही दक्षता घेतली आणि शाळांनी वर्षातून एक काळोखी रात्र आकाशदर्शनासाठी राखून ठेवली, तर वसाहतीपासून थोड्या अंतरावरील गावांतील मुलांना देवयानीचा ठिपका स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येईल. रंग आणि तेज यांवरून विश्वाचा हिशेब मांडणारे पुढील अभ्यासक त्यांच्यामधूनच यावयाचे आहेत.